क्रियापदाची चूक आणि पेढीची पत

व्यापाराचा सारा डोलारा शब्दावर उभा असतो, आणि तो शब्द परक्या भाषेतला असला म्हणजे त्याचे एक अक्षर ढळताच डोलारा कसा कोसळतो, याचा एक दाखला आम्ही आमच्या वकिलीच्या काळात प्रत्यक्ष पाहिला आहे. उभय पक्ष हयात व प्रतिष्ठित असल्याकारणाने त्यांची नावे-गावे सांगण्याचे प्रयोजन नाही. संक्रांत तोंडावर आली असता एका पेठेतील गुळाच्या अडत्याने दुसऱ्या पेठेतील घाऊक व्यापाऱ्यास इंग्रजीत पत्र धाडले. त्यात एक वाक्य असे होते: 'वुई हॅव सेंड द गुड्स.' घेणाऱ्याने विचार केला की, 'सेंट' लिहिण्याच्या ठिकाणी कारकुनाने शेवटी 'टी' ऐवजी 'डी' घातला. अर्थात माल रवाना झाला. त्या भरवशावर त्याने आपल्या गिऱ्हाइकांस शब्द दिला. अडत्याचे म्हणणे निराळेच होते. त्याच्या मनात 'हॅव टू सेंड' असे होते, म्हणजे माल पाठवावयाचा आहे, आधी इसार येऊ द्या. मधला 'टू' तेवढा लेखणीतून निसटला होता. संक्रांत आली, गेली, भाव उतरला आणि ढेपा गोदामात राहिल्या. मग नोटिसा झाल्या, वकील झाले. अखेर प्रकरण आमच्याच बैठकीत आपसांत मिटले. परंतु दोन पेढ्यांचा तीस वर्षांचा घरोबा जो तुटला, तो काही पुन्हा सांधला नाही.

आता यातील मौज, किंवा खरे म्हणावयाचे तर दैवदुर्विलास, पाहा. दोघेही मराठी; दोघांच्या चोपड्या मराठीत; दोघे समोरासमोर बसले असते तर 'माल निघाला' आणि 'माल निघावयाचा आहे' यांत शेंबड्या पोरानेही घोटाळा केला नसता. परंतु पेढीचा कागद इंग्रजी असला म्हणजे तो वजनदार, ह्या समजुतीने दोघांनीही असे शस्त्र हाती घेतले की ज्याची मूठ कोणती व पाते कोणते हे दोघांसही नीटसे ठाऊक नव्हते. म्हणून आज राजकारणाचे विषय क्षणभर बाजूस ठेवून आम्ही आमच्या वाचकांपुढे इंग्रजी क्रियापदांचा व त्यांच्या संक्षिप्त रूपांचा विचार मांडीत आहो. हा शाळामास्तरांचा विषय आहे असे म्हणून कोणी पान उलटू नये. हा हिशेबाचा विषय आहे.

न्यायालये अशा बारकाव्यांकडे किती लक्ष देतात हे सर्वसामान्य व्यापाऱ्यास माहीत नसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९९२ साली 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध विल्सन' हा खटला आला. कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून कोणी वजा करावयाचे, असा प्रश्न होता. आणि निर्णय देताना कायद्यात क्रियापदाचा कोणता काळ योजिला आहे याला महत्त्व आहे, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. त्याच देशातील मेन प्रांतात एका दुग्धालयाच्या गाडीवानांनी जादा कामाच्या मजुरीसाठी दावा लावला. जादा मजुरीतून वगळलेल्या कामांची कायद्यात एक यादी होती. ती बहुतेक 'कॅनिंग', 'स्टोअरिंग', 'पॅकिंग' अशा 'इंग'कारान्त रूपांची होती, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते. 'डिस्ट्रिब्यूशन' हे यादीतील स्वतंत्र काम, की 'पॅकिंग' ह्या कामाचेच एक निमित्त? गाडीवान माल वाटीत असत, बांधीत नसत. मध्ये स्वल्पविराम नाही आणि रूपही 'इंग'कारान्त नाही, हा त्यांचा मुद्दा होता. २०१७ साली वरिष्ठ न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून कौल गाडीवानांकडे दिला आणि पुढील वर्षी मालकांस पन्नास लक्ष डॉलर देऊन तडजोड करावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात तर २०२१ साली एका टिंबाएवढ्या खुणेवरून अब्रूनुकसानीचा दावा पुढे चालला. एका घरदलालाने दुसऱ्याविषयी जाहीरपणे लिहिले की, हा आपल्या नोकराच्या निवृत्तिनिधीची रक्कम भरीत नाही. 'एम्प्लॉयीज' ह्या शब्दात संबंधदर्शक खूण घालावयाची राहिली; त्यामुळे एका नोकराची गोष्ट अनेक नोकरांची आहे असे वाचता येऊ लागले. एकाचे देणे राहणे ही चूक असू शकते, अनेकांचे राहणे हे वर्तन ठरते. म्हणून दावा आरंभीच काढून टाकण्यास न्यायाधीशांनी नकार दिला.

आमच्याकडील गोष्ट याहून वेगळी नाही. 'शॅल' म्हणजे केलेच पाहिजे आणि 'मे' म्हणजे केले तर चालेल, असे शाळेत शिकवितात. परंतु आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात राज्यघटनेतील एका 'शॅल'चा अर्थ केवळ मार्गदर्शक असा केला, आणि पुढे जोगेंद्रसिंग यांच्या खटल्यात 'मे' हा शब्द प्रसंगी बंधनकारक ठरू शकतो असे सांगितले. कायदेपंडितांनी विचारपूर्वक लिहिलेल्या सहायक क्रियापदांवरही जेथे इतका खल होतो, तेथे दुकानाच्या गल्ल्यावर बसून घाईने लिहिलेल्या क्रियापदाची काय कथा! शिवाय राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमान्वये, संसद कायद्याने अन्यथा ठरवीपर्यंत, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतच चालावयाचे आहे. अर्थात आपल्या कागदावरचे इंग्रजी एक दिवस अशा माणसापुढे जाणार, की जो तुमचा हेतू पाहणार नाही, अक्षर पाहील.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. इंग्रजीत दोन शब्दांचा संकोच करून एक करतात, तेव्हा गळलेल्या अक्षराच्या जागी वर एक खूण देतात. तिला 'अपॉस्ट्रॉफी' म्हणतात. हे नाव परके असले तरी वस्तू आम्हांस परकी नाही. 'सोऽहम्', 'प्रथमोऽध्यायः' असे लिहिताना अकाराचा लोप दाखविण्यासाठी आमचे पूर्वज जो अवग्रह लिहीत आले, तोच हा इंग्रजी अवग्रह समजावा. संकोचही आम्हांस नवा नाही. 'करतो आहे' याचे 'करतोय' आणि 'गेला आहे' याचे 'गेलाय' आम्ही रोज करतो. मात्र खरेदीखतात 'पैसे दिलेत' असे न लिहिता 'पैसे दिले आहेत' असेच लिहितो. एवढे एक तत्त्व ध्यानात धरले तर निम्म्या चुका आपोआप नाहीशा होतील: लोप जेथे झाला तेथेच खूण, आणि लोप नसेल तेथे खूण नाही.

'डू नॉट' याचे 'डोन्ट' होते तेव्हा 'नॉट' मधला 'ओ' गळतो. म्हणून खूण 'एन' व 'टी' यांच्यामध्ये हवी. पुष्कळ लोक ती 'ओ' व 'एन' यांच्यामध्ये देतात. तेथे गळलेले असे काहीच नाही. 'इट्स'चा घोटाळा तर सार्वत्रिक आहे. खूण घातलेले 'इट्स' म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज'. खुणेवाचूनचे 'इट्स' म्हणजे 'त्याचा'. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'युवर्स', 'देअर्स' ह्या संबंधी सर्वनामांस जशी खूण लागत नाही तशी हिलाही नाही. कसोटी सोपी आहे: शब्द सोडवून वाचावा. 'द कंपनी अँड इट्स पार्टनर्स' येथे 'इट इज पार्टनर्स' असे वाचून पाहिले की मूर्खपणा कानांस लगेच कळतो. 'यू आर' व 'युवर', 'दे आर' व 'देअर', 'हू इज' व 'हूज' या जोड्यांस हीच कसोटी लावावी. दुकानांच्या पाट्यांवर साध्या अनेकवचनास खूण देण्याची खोड तर इतकी जुनी आहे की खुद्द विलायतेत तिला 'भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी' असे थट्टेचे नाव आहे. तेव्हा ह्या बाबतीत आमचे दुकानदार एकटे नाहीत एवढे समाधान त्यांनी खुशाल मानावे.

व्यवहाराच्या पत्रात संक्षिप्त रूपे मुळीच योजू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते केवळ शिष्टाचारासाठी नव्हे. 'वुई हॅड' आणि 'वुई वुड' या दोहोंचाही संकोच एकच होतो. पुढे 'पेड' असेल तर पैसे पूर्वीच दिले होते. 'पे' असेल तर दिले असते किंवा देऊ. म्हणजे झालेला भरणा आणि होऊ घातलेला भरणा यांत एका अक्षराचे अंतर राहिले! त्याहून चमत्कारिक उदाहरण 'ही इज' आणि 'ही हॅज' यांचे. दोहोंचाही संकोच 'हीज' असा होतो. त्यापुढे 'पेड' आले की वाक्याचा अर्थ 'त्याने पैसे दिले आहेत' असाही होतो आणि 'त्याला पैसे मिळतात' असाही होतो. ज्या वाक्यात पैसा कोणत्या दिशेने गेला हेच कळत नाही, ते वाक्य व्यापाऱ्याने लिहिण्यापेक्षा कोरा कागद पाठविलेला बरा. तसेच निषेधाचा 'नॉट' नेहमी पूर्ण, स्वतंत्र व ठसठशीत लिहावा. 'कॅन' आणि 'कॅन्ट' यांत दूरध्वनीवर कानाची जी फसगत होते, तीच घाईच्या वाचनात डोळ्याचीही होते.

दुसरा वर्ग काळाच्या चुकांचा. ह्या बहुतेक चुका आमच्या मराठी विचारसरणीतून येतात, म्हणून त्यांचे मूळ मराठीतच शोधले पाहिजे. 'तो गेला नाही' असे आपण म्हणतो; भूतकाळ 'गेला' मध्ये आहे, आणि 'नाही' नुसता नकार सांगतो. त्याच वळणावर विद्यार्थी 'ही डिड नॉट वेंट' असे लिहितो. परंतु इंग्रजीत भूतकाळाचा भार 'डिड'ने उचललेला असतो. मुख्य क्रियापद मूळ रूपात, म्हणजे 'गो', असेच राहिले पाहिजे. एका म्यानात दोन सुऱ्या राहत नाहीत, तसे एका क्रियेत दोन भूतकाळ राहत नाहीत. 'मला माहीत आहे', 'आमची दोन दुकाने आहेत' यांतील 'आहे' पाहून 'आय ॲम नोइंग', 'वुई आर हॅविंग टू शॉप्स' असे लिहिले जाते. जाणणे, मालकी असणे, आवडणे या स्थिती आहेत, चालू असलेल्या क्रिया नव्हेत. तेथे इंग्रजीस साधा वर्तमानकाळ हवा. आणि पेढीच्या पत्रांत सर्वांत अधिक आढळणारी चूक ही: 'आम्ही दहा वर्षांपासून हा धंदा करीत आहो' याचे भाषांतर 'वुई आर डूइंग धिस बिझनेस सिन्स टेन इयर्स' असे करतात. येथे दोन दोष आहेत. पूर्वी सुरू होऊन आजवर चालत आलेल्या क्रियेस 'हॅव बीन' पाहिजे. आणि 'सिन्स' हा शब्द आरंभबिंदूस लागतो, मुदतीस 'फॉर' लागतो. '२०१५ पासून' येथे 'सिन्स'. 'दहा वर्षे' येथे 'फॉर'.

वचनाचा नियमही उलटा दिसतो खरा. नामास 'एस' लागला की अनेकवचन. वर्तमानकाळच्या क्रियापदास 'एस' लागला की तृतीयपुरुषी एकवचन. म्हणून 'ही डोन्ट' हे अशुद्ध आणि 'ही डझन्ट' हे शुद्ध. तसेच 'द प्राइस ऑफ द गुड्स' म्हटल्यावर क्रियापद 'प्राइस' या शब्दाशी जुळवावयाचे. जवळ बसलेल्या 'गुड्स'शी नव्हे. मराठीत 'पोत्यांची किंमत वाढली' असे म्हणताना पोती अनेक आहेत म्हणून कोणी 'वाढल्या' म्हणत नाही. मग इंग्रजी लिहिताना आपली ही जन्मजात समज का बरे गहाण पडावी?

वर्णलेखनाविषयी दोन शब्द. 'पे', 'ले', 'से' या तिघांचा भूतकाळ 'ए-आय-डी' असा संपतो. म्हणून पावतीवर 'पी-ए-वाय-ई-डी' असे लिहू नये. 'रेफर' व 'ऑकर' यांत आघात शेवटच्या अवयवावर आहे, म्हणून भूतकाळात 'आर' दोनदा. 'ऑफर' मध्ये तो पहिल्यावर आहे, म्हणून एकदाच. ('ट्रॅव्हल' हा अपवाद होय, विलायती लेखनात त्याचा 'एल' दुप्पट होतो, अमेरिकन लेखनात होत नाही.) 'रिसीव्ह' मध्ये 'सी'नंतर आधी 'ई' मग 'आय'; 'बिलीव्ह' मध्ये आधी 'आय'. 'लायसन्स' आणि 'प्रॅक्टिस' ही नामे असता विलायती पद्धतीने 'सी' व क्रियापदे असता 'एस'. आणि एका 'ओ'चे 'लूझ' म्हणजे गमावणे, दोन 'ओ'चे 'लूज' म्हणजे सैल किंवा मोकळे सोडणे. ज्या दुकानदाराने 'आम्ही आपणांस गमावू इच्छित नाही' असे गिऱ्हाइकास कळवावयाचे मनात आणून दोन 'ओ' घातले, त्याने 'आम्ही आपणांस मोकाट सोडू इच्छित नाही' असे कळविले!

येथे आमच्या शहाण्या मित्रांस एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. सभेत कोणाचे 'डिड नॉट वेंट' ऐकून गालांत हसणारा एक वर्ग आमच्यात आहे. त्यास वाटते की इंग्रजी व्याकरण हे हिमालयासारखे अचल आहे. इतिहास तसे सांगत नाही. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलच्या पहिल्या आवृत्तीत 'इट्स' हे संबंधी सर्वनाम मुळी नव्हतेच. पुढे ते रूढ झाल्यावर शतकभराहून अधिक काळ चांगले चांगले लोक त्यास खूण देत असत. आज जी 'वोन्ट', 'कॅन्ट' ही रूपे सर्वमान्य आहेत, त्या जातीच्या संकोचांवर जोनाथन स्विफ्टने १७१० साली 'टॅटलर' पत्रात कडक टीका केली होती, आणि भाषा स्थिर करण्यासाठी एक मंडळ स्थापावे असे १७१२ साली सुचविले होते. मंडळ झाले नाही, संकोच राहिले. लाउथचे व्याकरण निघाले १७६२ साली, मरेचे १७९५ साली. इतके होऊनही जन्माने इंग्रज असलेली माणसे 'शुड हॅव' ऐवजी 'शुड ऑफ' असे लिहितातच. कारण 'शुडव्ह' हा उच्चार तसा ऐकू येतो. आमचे लोक ही चूक क्वचितच करतात. भाषा जो कानाने शिकतो तो लेखनात चुकतो, जो पुस्तकाने शिकतो तो काळात चुकतो. यांत उच्चनीच ते काय? बर्मिंगहॅम शहराच्या नगरसभेने २००९ साली रस्त्यांच्या पाट्यांवरून ही खूण काढूनच टाकली. आमच्याकडेही १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार गेले आणि आकाश कोसळले नाही. नियम मनुष्यांनी केले आहेत, आणि मनुष्ये ते बदलतात.

परंतु ह्यावरून 'मग चुकले तरी काय बिघडले?' असे म्हणणाऱ्या दुसऱ्या वर्गासही आमचा पाठिंबा नाही. नियम बदलेपर्यंत तो दोन अपरिचितांमधील करार असतो. वजनमापे मनुष्यांनीच ठरविली म्हणून कोणी आपल्या दुकानी मनाजोगा किलो ठेवीत नाही. चुकणाऱ्याची थट्टा करणे हा जातिगर्वाचाच एक नवा प्रकार होय. आणि चूक कळूनही न सुधारणे हा आळस होय. पहिल्याने गरीब होतकरू तरुणाचे तोंड बंद होते, दुसऱ्याने त्याचे नुकसान होते. हल्ली भ्रमणध्वनी व संगणक चुका दाखवितात, म्हणून आम्हांस शिकण्याची गरज नाही, असेही काही म्हणतात. यंत्र उपयोगी आहे, ते अवश्य वापरावे. परंतु 'सेंड' हा शब्द शुद्ध आणि 'सेंट' हाही शुद्ध. तुमचा माल निघाला की निघावयाचा आहे, हे त्या यंत्रास कोठून कळणार?

तेव्हा आमच्या सूचना थोडक्यात अशा. महाराष्ट्रातील दोन मराठी पेढ्यांनी परस्परांशी पत्रव्यवहार व करार मराठीत करावा. कायद्याची त्यास आडकाठी नाही. जेथे इंग्रजी अपरिहार्य आहे तेथे वाक्य लहान, क्रियापद पूर्ण, आणि तारीख आकड्यांत लिहावी. माल गेला असेल तर कोणत्या दिवशी गेला हे सांगावे, म्हणजे काळाची चूक झाली तरी तारीख साक्ष देईल. महत्त्वाचा कागद लिहिणाराने स्वतः न तपासता दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. आणि शाळांतून इंग्रजी व्याकरण मराठी व्याकरणाशी ताडून शिकवावे. दोन्ही भाषांत 'नाही' कोठे बसते, काळ कोण वाहतो, हे मुलास एकदा दाखविले की घोकंपट्टीचे श्रम वाचतात.

ही सूचना आमच्या पदरची नाही; ती ह्या भूमीतील जुनी रीत आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांच्या स्तंभांचे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मोरो केशव दामल्यांचा शास्त्रीय ग्रंथ १९११ सालचा. लोकमान्यांच्या मंडळीने १८८१ साली 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत काढला. घरच्यांशी बोलावयाचे ते घरच्या भाषेत, परक्यांस सुनवावयाचे ते त्यांच्या भाषेत आणि बिनचूक, असा तो शिरस्ता होता. ज्यांस आपल्या भाषेचे व्याकरण ठाऊक होते, त्यांसच परक्या भाषेचे साधले, हे आम्ही कधी विसरू नये.

राहता राहिली त्या दोन पेढ्यांची गोष्ट. त्या वर्षी दोघांच्याही घरी तीळ होते, गूळ होता, दारी आलेल्यास गोड बोलण्याची रीतही होती. जे साध्या मराठीत एका ओळीत सांगता आले असते, ते तेवढे परक्या भाषेत अर्धवट सांगितले गेले, आणि त्यापायी तीस वर्षांचा स्नेह खर्ची पडला.